वाकळीचा घास

फेब्रुवारी १९८३, बुधवार, सकाळचे सात. राजेश्वर या गावी, घरी, पेटीत भरण्याआधी अन्नपूर्णाने कापड शेवटचं उलगडलं, तेव्हा खालच्या कोपऱ्याला तळहाताएवढं भोक पडलेलं होतं. उंदरांनी कुरतडलं होतं.

अन्नपूर्णा गुलबर्ग्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. वडील वारल्यावर तिने तैलरंग बाजूला ठेवले आणि त्यांचे कपडे घेऊन काम सुरू केलं. धोतरं, सदरे, दोन पटके. सुट्टीला गावी आली की खडूच्या रेघा ती आखायची आणि त्यांवरून टाके तिची आई, चंद्रभागाबाई, घालायच्या. भिंतभर झालेल्या त्या कापडाला तिने वडिलांचंच नाव दिलं, 'अंकुशराव'. बंगळूरच्या प्रदर्शनासाठी तिने फोटो पाठवला होता आणि तो पसंत पडला होता. आता परीक्षक मूळ काम पाहून शेवटचा निर्णय देणार होते. सर्व कापड एकाच माणसाच्या अंगावरचं आहे, असं तिने अर्जात लिहून दिलं होतं. तिचं काम एवढ्या लांब प्रथमच जाणार होतं.

बाहेर मेटाडोर उभी होती. ती रेवणसिद्धप्पांनी आणली होती. ते शहाबादी फरशीवर छिन्नीने चित्रं कोरत. त्यांच्या तीन फरश्या कडब्यात गुंडाळून आधीच गाडीत ठेवल्या होत्या. संध्याकाळी गुलबर्ग्याहून बंगळूरला निघणाऱ्या लॉरीत दोघांचं काम चढवायचं होतं.

अन्नपूर्णाने भोकात बोट घातलं. दोन थरांच्या मध्ये ज्वारीच्या भाकरीचा चुरा होता. काय झालं ते तिला कळलं. वाकळ शिवून झाली की शेवटची कड बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायचा, वाकळीचा घास म्हणून. उपाशी वाकळ ऊब देत नाही. चंद्रभागाबाईंनी तो घातला होता. सांगितलं नव्हतं, कारण हे कुणी कुणाला सांगत नाही. नंतर आठवडाभर कापड धान्याच्या कणगीवर घडी घालून ठेवलेलं होतं.

"अण्णा, आईला कळू देऊ नका," ती दारात आलेल्या रेवणसिद्धप्पांना हळूच म्हणाली.

चंद्रभागाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शेवटचे टाके त्यांनी चाचपूनच घातले होते. त्या चहा घेऊन आल्या, खाली बसल्या आणि सवयीने त्यांचा हात कडेवरून फिरू लागला. कोपऱ्याशी थांबला.

"उंदीर?"

अन्नपूर्णाने भोकाची कड आत दुमडली.

"कामून गप झालीस? उंदीरच ना?"

"व्हय."

"घासापाशी." त्यांनी हात मागे घेतला. "म्याच खाल्लं गं तुझं काम."

"तसं न्हाई, आई."

"मंग कसं?"

रेवणसिद्धप्पा दारातून म्हणाले, "अव्वा, माझ्या फरशीत घास घातला न्हाई ते बरं केलंत. उंदराचे दात पडले असते."

"तुझी फरशी पांघरून कोन झोपायलंय, बाबा?" चंद्रभागाबाई म्हणाल्या, पण चेहरा उतरलेलाच राहिला.

"राहू दे भोक," रेवणसिद्धप्पा अन्नपूर्णाला म्हणाले. "असंच पाठव. परीक्षकांना उलट आवडंल."

"फाटकं नेसवून लेकीला परगावी धाडतेत का?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "ठिगळ लावा. पर कशाचं लावताव? त्यांची चिंधीबी उरली न्हाई."

अन्नपूर्णा उठली. दोरीवरचं आईचं जुनं हिरवं इरकली लुगडं घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे फाडू?"

"ह्यात दुसऱ्याचं घालायचं न्हाई म्हनलीस की तू."

"तू दुसरी हाईस व्हय?"

चंद्रभागाबाई लुगड्याचा पोत बोटांनी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काठाकडून फाड. मधी विरलंय."

अन्नपूर्णाने सुई ओवून दिली. खडू घेतला नाही. ठिगळाच्या कडेने तिचं बोट पुढे सरकत होतं, त्यामागून आईची सुई येत होती. दोनदा सुई बोटात गेली. "लागलं?" आईने विचारलं. "न्हाई," ती म्हणाली. रेवणसिद्धप्पांनी आधी एकदा घड्याळ पाहिलं होतं. नंतर ते उंबऱ्यावर बसून राहिले. टाके वाकडे पडले. ते कुणी उसवले नाहीत.

पेटीला खिळे ठोकताना रेवणसिद्धप्पा म्हणाले, "फोटोत हे हिरवं न्हाई. अर्जात एकाच माणसाचं लिवलंय. बाद करतील."

"करतील."

"विचारलं तर मी काय सांगू?"

"आईच्या लुगड्याचं हाय म्हणून सांगा."

मेटाडोर साडेदहाला निघाली. संध्याकाळी लॉरीने गुलबर्गा सोडलं. रेवणसिद्धप्पा ड्रायव्हरशेजारी बसून गेले.

शनिवारी दुपारी अन्नपूर्णाने गुलबर्ग्याच्या तार ऑफिसातून बंगळूरला, प्रदर्शनाच्या जागी, रेवणसिद्धप्पांना ट्रंक कॉल लावला. त्यांनी सांगितलं, त्यांच्या फरश्या भिंतीला उभ्या केल्या होत्या. परीक्षक सोमवारी बसणार होते. पेटी पोचली होती. अजून उघडली नव्हती.