घरी आहे, बरी आहे

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात बरेच महिने पडून होतं. स्पॅनिश शिकायला मी परदेशी गेलो होतो, तेव्हा त्यांच्याच घरी राहिलो होतो. माझ्यासारख्या कच्च्या विद्यार्थ्याला वाचता यावं म्हणून त्यांनी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं. पहिलीच ओळ अशी: ‘तुमच्या पत्नी अजून रोज दुपारी फोन करतात. त्यांना काय सांगू?’

माझी पत्नी मी ते घर पाहण्याआधीच वारली होती.

हे नीट सांगणं मला जमेल की नाही, शंकाच आहे. मी जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात बसलो. दुसऱ्यांनी सांगितलेलं जपून ठेवायचं, एवढंच मला येतं.

खरं तर सहल तिची होती. ज्येष्ठांसाठी स्पॅनिश भाषेची सहल: सकाळी शहर पाहणं, दुपारी वर्ग, आणि राहायचं तिथल्याच एखाद्या घरात. जाहिरात तिनंच कापून ठेवली होती. मी नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणालो. ती म्हणाली, “तुमचं ‘बघू’ मी चाळीस वर्षं बघतेय,” आणि दोघांची नावं देऊन मोकळी झाली. मग ती स्वयंपाक करताना धडे ऐकायला लागली. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिनं स्पॅनिश नावाची चिठ्ठी डकवली. कपाटावर, आरशावर, फोनवर. एक दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशावर ‘मारिदो’ अशी चिठ्ठी लावली. मारिदो म्हणजे नवरा. मला पत्ता नाही, मी तसाच दूध आणायला गेलो. शेजारीणबाई पुढे कित्येक दिवस मला पाहून तोंडाला पदर लावायच्या. शिकण्यात ती माझ्या फार पुढे होती. मी एक शब्द तीनदा पुसून लिहायचो. ती चुकत-माकत बोलून टाकायची आणि तिचं काम होऊन जायचं.

निघायला थोडेच आठवडे उरले असताना एका दुपारी ती जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. मी शेजारच्या खोलीत वाचत बसलो होतो. भेटायला आलेला जो तो एकच म्हणायचा, “भाग्याची हो. झोपेत गेली. कळलंसुद्धा नाही तिला.” मी मान डोलवायचो. लोक चांगल्या मनानं बोलत होते.

मी सहल रद्द करायला निघालो होतो. मुलगी म्हणाली, “बाबा, आईनं ठरवलंय ते. तुम्ही गेला नाहीत तर ती मला फाडून खाईल.” म्हणून गेलो. त्या घराचा पत्ता आणि नंबर मुलीसाठी कागदावर लिहून आमच्या फोनशेजारी चिकटवला, किल्ली शेजारीणबाईंकडे दिली.

आमच्या गटात बहुतेक सगळे निवृत्त. दोघी नणंद-भावजय होत्या, त्या नव्या भाषेतही आल्या दिवसापासून भांडायला शिकल्या. एक दंतवैद्य होता, वर्गात तो माझ्या शेजारी बसायचा आणि शिक्षिकेनं प्रश्न विचारला की मी तोंड उघडत नाही हे पाहून म्हणायचा, “आ करा, दुखणार नाही.”

शिवणकाम करणाऱ्या बाई विधवा होत्या, एकट्या राहत. खिडकीशी मशीन, त्याच्याजवळ कापडाचा बिनडोक्याचा पुतळा, त्याच्या अंगावर कुणाचा तरी अर्धवट शिवलेला कोट. अरुंद बोळीसारख्या पॅसेजमध्ये आरशाखाली फोन. पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी मला सावकाश विचारलं, बायको? ‘वारली’ हा शब्द मी विमानात पाठ केला होता. पण तो उच्चारला असता तर त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला असता, मला न समजणारं काहीतरी हळुवार बोलल्या असत्या, आणि त्यावर काय म्हणायचं ते मला आलं नसतं. म्हणून मी पहिल्या धड्यातली दोन वाक्यं म्हणून टाकली. घरी आहे. बरी आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गातून परतलो, तर बाई तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाल्या की तुमच्या पत्नीचा फोन होता.

मला वाटलं, मुलीचा असेल. तिला विचारलं, तर तिनं त्या नंबरावर फोन केलाच नव्हता. माझीच समजण्यात चूक झाली असेल असं मी ठरवलं. ते मला नेहमी सोपं जातं. पण तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. पत्नी चुकत-माकत बोलते, पण तुमच्यापेक्षा बरीच चांगली, असं सांगून बाई हसल्या. तिनं सांगितलंय की रात्री यांची खिडकी बंद करा, पहाटे यांना शिंका येतात. आणि खोली झाडताना बूट जपून उचला, चष्मा ते बुटात ठेवतात. पायाखाली येऊ नये म्हणून मी चष्मा रात्री बुटात ठेवतो, हे खरं आहे.

दंतवैद्याला मी सगळं सांगितलं, पत्नी वारल्याचंसुद्धा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाई एकट्या आहेत, बोलायला कोणीतरी लागतं माणसाला. चष्मा त्यांनी झाडताना पाहिला असेल, शिंका भिंतीपलीकडून ऐकल्या असतील. “त्यांना खरं सांगून टाका. किडका दात ठेवून काय उपयोग?” मलाही ते पटलं. पण पटलेली गोष्ट करायची हिंमत मला कधी होते? आणि मनात दुसरंच येऊ लागलं होतं. खरं सांगितलं आणि फोन यायचा थांबला तर?

तिचा आवाज मला एकदा ऐकायचा होता. पोट बिघडल्याचं सांगून मी वर्ग बुडवला आणि फोनशेजारी स्टूल घेऊन बसलो. आरशात मी आणि माझ्यामागे तो बिनडोक्याचा पुतळा, असे दोघे दिसत होतो. दुपार सरली. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला गेलो आणि परतल्यावर बाई म्हणाल्या, आज आला होता. पत्नी रागावलीय. म्हणते, यांना शाळा बुडवायची सवय कधी लागली?

त्यांची दुपार म्हणजे आमच्याकडे दिवेलागणीची वेळ. त्यानंतरच्या दिवशी मी वर्गाच्या मधल्या सुट्टीत त्याच सुमाराला माझ्या स्वतःच्या घरी फोन लावला. कुलूपबंद घर, नुसती रिंग वाजायला हवी होती. लाइन एंगेज होती. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. मी शेजारीणबाईंना फोन करून बघून यायला सांगितलं. त्या गेल्या, परत येऊन म्हणाल्या की सगळं ठीक आहे, कुलूप जसंच्या तसं, रिसीव्हर जागेवर. मग म्हणाल्या, “पण खुर्ची का फोनपाशी ओढून ठेवलीय तुम्ही?”

मी ठेवली नव्हती. मी ‘हो हो’ म्हणालो.

निघायच्या दिवशी बाई दारापर्यंत आल्या. माझ्या कोटाचं सैल झालेलं बटण त्यांनी न सांगता शिवून ठेवलं होतं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. गाडीतून दंतवैद्य माझ्याकडे भुवया उंचावून पाहत होता. बाई म्हणाल्या, पत्नीला माझा नमस्कार सांगा. सांगतो, म्हणालो.

घरी खुर्ची फोनपाशीच होती. घरभर धूळ साचली होती, खुर्चीवर नव्हती. मी ती हलवली नाही. मुलीला काही बोललो नाही. तिनं मला डॉक्टरकडे नेलं असतं आणि कदाचित तेच बरोबर ठरलं असतं. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला मात्र मी रिसीव्हर उचलून पाहायचो. एरवी त्यात नेहमीचा ‘हूं’ असा आवाज असे. त्या वेळेला नसे. मुकेपणाही नसे. बोलता-बोलता कोणी थांबावं आणि कान देऊन ऐकावं, तसं काहीतरी असे. मी ‘अगं’ म्हणायचो. तेवढंच. पुढे काही सुचत नसे. फोनवाल्या माणसानं येऊन तपासलं, लाइनमध्ये काही दोष नव्हता.

मग ते पत्र आलं. पहिली ओळ वाचून मी घडी घातली आणि खणात ठेवलं. लोकांना वाटेल, पुढचं वाचायची भीती वाटली असेल. ती तर होतीच. पण त्याहून, काही लपवतोय असं वाटायला नको म्हणून सांगतो, मला बरं वाटत होतं. ती फोन करत होती. मी काही लिहिलं नाही तर करत राहील.

परवा मुलगी आली होती. खण आवरताना तिला पाकीट दिसलं. मी चहा ठेवायला उठलो होतो. परदेशातल्या बाईंना बाबांनी उत्तर दिलं नाही याची तिला गंमत वाटली. तिला स्पॅनिश येत नाही, तिनं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, वाचून दाखवा की, आईचा एवढा खटाटोप वाया गेला का? मी चष्मा लावला. पहिली ओळ वगळली. पुढचं मनात वाचलं आणि मला मोठ्यानं वाचता येईना. भाषा विसरलो, असं तिला सांगितलं. ती हसली, “आई असती तर कान धरला असता तुमचा.”

ती गेल्यावर मी ते पुन्हा वाचलं. बाईंनी लिहिलं होतं: ‘आधी त्या खूप हसायच्या. आता घाबरलेल्या वाटतात. विचारतात, हे कधी निघणार? म्हणतात, घरात एक म्हातारा येऊन राहिला आहे. अगदी यांच्यासारखा दिसतो. दिवसभर वाचत बसतो. मी समोर उभी राहते, तरी बोलत नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन उभा राहतो आणि माझ्या हातातला फोन घेतो. कृपा करून लवकर घरी जा.’

मी बराच वेळ खुर्चीकडे पाहत राहिलो. कळलंसुद्धा नाही तिला, असं सगळे म्हणाले होते. मीही मान डोलवली होती. इतके महिने ती माझ्याच घरात माझी वाट पाहत होती, आणि मी तिच्याच घरात तिला भीती घालत फिरत होतो.

दिवेलागणीला मी तिच्या शिवणाच्या डब्यातून ती जुनी चिठ्ठी शोधून काढली, ‘मारिदो’ लिहिलेली. डिंक सुकला होता. टाचणीनं खिशावर लावली. खुर्चीसमोर उभा राहिलो, रिसीव्हरला हात लावला नाही. म्हणालो, “अगं, मीच आहे. घाबरू नकोस. मीच म्हातारा झालोय.” खिडकीचा पडदा हलला नाही, काही झालं नाही. तिला मी ऐकू येत नव्हतो. जिचं तिला ऐकू येत होतं ती बाई समुद्रापलीकडे शिवणयंत्राशी बसली होती. मला उत्तर लिहावंच लागणार होतं. आणि उत्तर लिहिलं की तिला फोन करायचं कारण उरणार नव्हतं.

रात्र होईपर्यंत कागद फाडत राहिलो. शेवटी जमलं ते एवढंच. विमानात पाठ केलेला शब्द त्यात होता.

‘बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. माझी पत्नी मी तुमच्याकडे येण्याआधीच वारली. झोपेत गेली, म्हणून तिला माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही. माझं तिला ऐकू येत नाही, तुमचं येतं. कृपा करून तुम्ही सांगा. सावकाश सांगा, मला सांगायचात तसं. तो म्हातारा मीच आहे, हेही सांगा. मी घरी आलो आहे, बरा आहे. तिची भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी कधी तिच्या तोंडावर म्हटलं नाही, ते म्हणा. आधी तिला बसायला सांगा. खुर्ची तिथेच आहे, मी हलवलेली नाही.’

सकाळी पोस्टात गेलो. पेटीपाशी एक बाई माझ्या खिशाकडे पाहून बाजूला झाली, तेव्हा लक्षात आलं की चिठ्ठी तशीच टाचलेली आहे. एरवी मी लाजेनं मेलो असतो. काढली नाही. पाकीट फटीत सरकवलं. आत पडल्याचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून बोट घालून चाचपून पाहिलं. ते गेलं होतं.