दातांमागची तार

गोजरने सूप जमिनीवर आपटलं, तशी तांदळाची कणी ओटीभर उडाली.

“तोंडात भात शिजत घातलास का गो? मी काय टाकतेय आन तू काय झेलतेस! असा झेलतात धवला?”

भूमिका खाली वाकून कणी गोळा करू लागली.

सासूने ओळ टाकायची आणि सुनेने ती झेलायची, असं शेणवे गावाच्या आसपासच्या मांडवांत कितीतरी वर्षं चालत आलं होतं. गोजर धवलारीण होती, हळदीला-लग्नाला धवल्याची गाणी म्हणणारी. भटजीला उशीर झाला तर कुणाचं अडत नसे. गोजर आल्याशिवाय मात्र नवऱ्याला हळद लागत नसे. पण आता तिचा दम पुरत नव्हता. मुरबाडकडच्या शेखर नावाच्या नवऱ्या मुलाच्या हळदीला ती पहिल्यांदाच भूमिकेला पुढे बसवणार होती, आणि तसं तिने चार बायकांत बोलूनही टाकलं होतं. बोललेला शब्द मागे घ्यायची गोजरला सवय नव्हती. आणि नेमकी आताच ही ओठ मिटून गुणगुणायला लागली होती.

“पुन्यांदा,” ती म्हणाली आणि ओळ टाकली.

*साळीच्या शेताला सोन्याची शीव गो,*
*शिवेवर उभी नवऱ्याची माय गो.*

भूमिकेने पदर ओठांवर ओढला आणि ओळ झेलली. शब्द दातांच्या आतच कुठेतरी अडखळत होते. साळी आणि सोनं लाळेने ओलं होऊन बाहेर पडत होतं.

“डोंबलाची शीव!” गोजर उठली. “वाशिंदला दातवाल्या डॉक्टरकडं कामाला लागलीस, आता धवल्याची लाज वाटत असल. तसं सरळ सांग. सकुबाई बसलीच हाय टपून.”

“तसं नाय, आई.”

“मग कसं हाय?”

भूमिकेने सूप उचललं आणि ती आत गेली.

सकुबाई शेखरच्या आजोळची. तिलाही धवले येत, आणि गोजरच्या खोकल्याची चौकशी ती हल्ली फार प्रेमाने करी. एकदा मांडव दुसरीच्या हातात गेला की तो परत येत नाही, हे गोजरला कुणी सांगायला नको होतं. तिने स्वतः एकीच्या हातातून असाच घेतला होता.

दुपारी जेवताना तिने सुनेवरची नजर काढली नाही. कुंडलिकने, तिच्या मुलाने, नाचणीची भाकरी मोडून घासामागून घास घेतला. भूमिका मात्र भाकरीचे बारीक तुकडे कालवणात बुडवून बसली होती. ते पार विरघळल्यावर तिने एक घास घेतला, आणि गिळताना डोळे मिटले.

“माज्या भाकरीत खडे निघाले का?”

“आये, जेवू दे ना तिला,” कुंडलिक म्हणाला.

“तू गप ऱ्हा रे. बायको मुकी झाली तरी तुला कळायचा नाय.”

कुंडलिकने बायकोकडे पाहिलं आणि घाईने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. गोजरने ते टिपलं. म्हणजे याला ठाऊक होतं. घरात काहीतरी होतं, आणि ते तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती सरपणाची मोळी घेऊन मागच्या दाराने आली. भूमिका मोरीत पाठमोरी बसून चूळ भरत होती. मिठाचं पाणी थुंकली, ते गुलाबी होतं. मग तिने कनवटीची इवलीशी डबी काढली, त्यातलं पांढरं काहीतरी चिमटीत मळलं आणि बोट तोंडात घालून दातांच्या मागे दाबलं.

मोळी धाडकन खाली पडली.

“काय चिकटवतेस?”

भूमिका दचकून उठली. “मेण हाय, आई.”

“दाताला मेण? तोंड उघड.”

“आई, काय नाय ते...”

“उघड म्हणते ना.”

गोजरने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बैल घेताना दात बघावेत तसं तिने आत पाहिलं. पुढून सगळं जसंच्या तसं होतं. आतल्या अंगाला मात्र दातादाताला लोखंडाचा बारीक तुकडा बसवलेला, आणि सगळ्यांना गुंफत गेलेली तार. कुंपण घातलं होतं, पण काटे घराकडे करून. जिभेच्या कडा सोलवटून पांढऱ्या पडल्या होत्या.

“ह्ये कुणी केला?”

“आमच्या दवाखान्यात ठाण्याहून तारवाले डॉक्टर येतात, त्यांनी. पुढं आलेले दात याने मागं जातात. सगळी पुढून बसवतात. मी मागून मागितली. पुढून दिसली असती तर गाव हसला असता.”

“या वयात! दोन पोरांची आई तू. अन् आता गाव काय रडतोय?”

भूमिकेने हनुवटी सोडवून तोंड पुसलं. मग एकेक शब्द जपून उचलत म्हणाली, “आळीतल्या मैनाच्या लग्नाची कॅसेट बघितलीत ना तुमी?”

गोजरने बघितली होती. सगळ्या आळीने बघितली होती. शूटिंगवाल्याने धवल्याच्या वेळी कॅमेरा भूमिकेच्या उघड्या तोंडापाशी नेऊन ठेवला होता. पोरं तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावत होती आणि ओठांवर दात काढून एकमेकांना दाखवत होती.

“तवापास्नं मी पदर घेऊन झेलतेय. मागं बसलं की चालतं ते. तुमी पुढं बसवणार म्हणालात. पुढं बसून पदर कसा घेऊ?” तिने मेणाची डबी पुन्हा कनवटीला खोचली. “डॉक्टर म्हणाले, जीभ लवकर सरावते. नाय सरावली.”

गोजरने बोटं लुगड्याला पुसली.

“मला इचारला नायस.”

“तुमी नको म्हणला असतात.”

“म्हणलेच असते.” ती वाकून सरपण गोळा करू लागली. “मांडवात तू दिवा धरायचास. बाकी तोंड उघडायचा नाय. मी बघीन काय ते.”

भूमिकेने मान हलवली.

सकाळी विहिरीच्या वाटेवरून पुटपुटणं ऐकू येत होतं. साळी, साळी, सोनं, शीव. मध्येच थुंकल्याचा आवाज, मग पुन्हा साळी. गोठ्यात धार काढत असलेल्या गोजरचा हात थांबला. तिचे स्वतःचे पुढचे दोन दात पडले तेव्हा तिलाही सगळा धवला नव्याने बसवावा लागला होता. ते तिने कधी कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि आजही कळू देणार नव्हती. तिने गळा मोकळा केला आणि ती ओळ म्हशीला ऐकवली, एरवीपेक्षा सावकाश.

“जीभ वर काय टेकवतेस?” ती म्हशीवर खेकसली. “खालच्या दातांशी पाड, आन वारा वरून जाऊ दे.”

म्हशीने कान हलवले. वाटेवरचं पुटपुटणं थांबलं. मग घागर उचलल्याचा आवाज आला.

हळदीच्या दिवशी दोघी जीपने किन्हवलीवरून मुरबाडकडे गेल्या. मांडवाला जांभळीच्या डहाळ्या बांधल्या होत्या. पाटावर शेखर उघड्या अंगाने बसला होता. हातात सुरी, सुरीच्या टोकाला लिंबू. कानापाशी हळदीचा ओघळ आला म्हणून त्याने सुरी मांडीशेजारी ठेवली, तशी त्याची आई ओरडली.

“उचल आधी! हळदीच्या अंगाला कायपन लागता, ठाऊक नाय का तुला?”

त्याने निमूट सुरी उचलली. बायका हसल्या.

भूमिका दिवा धरून सासूच्या मागे उभी राहिली. सकुबाई हळदीची वाटी घेऊन तिच्या शेजारी येऊन थांबली.

“आज सून पुढं बसणार होती ना, गोजरबाय? का अजून कच्ची हाय?”

गोजरने धवला उचलला. पहिल्या ओळी तिने अशा टाकल्या की अंगणातली माणसंही गप्प झाली. बायका एकेक करून नवऱ्याला हळद लावू लागल्या. शूटिंगवाल्याने मोठा दिवा पेटवला आणि तो मांडवभर फिरवू लागला. साळीच्या शेतापाशी गोजरच्या छातीत खरखर झाली. ती सोन्यापर्यंत पोचली, आणि शिवेवर दम तुटला.

हळद लावणारीचा हात शेखरच्या खांद्यावर तसाच थांबला. धवला तुटला की हळद पुढे जात नाही. मध्येच तुटलेल्या हळदीचं काय होतं, हे तिथे कुणीच मोठ्याने बोललं नसतं. गोजर खोकत राहिली. सकुबाईने घसा खाकरला.

*शिवेवर उभी नवऱ्याची माय गो...*

आवाज मागून आला. भूमिकेने पदर खांद्यावर टाकला होता आणि तोंड पूर्ण उघडून ती गात होती. शब्द थोडे जड होते, पण पडत नव्हते. खांद्यावरचा हात पुन्हा फिरू लागला. शूटिंगवाल्याचा दिवा फिरत फिरत तिच्या तोंडावर येऊन थांबला.

शेजारी उभ्या सकुबाईने वाकून पाहिलं. हातातली वाटी तिने मागे घेतली.

“थांबवा गो! हिच्या तोंडात लोखंड हाय! दातांच्या मागं, बघा, तार भरलेय तोंडात. लोखंडाच्या तोंडानं मंगल गातात कुठं? या पोराचं काय वाईट करायचं हाय तुमाला?”

भूमिकेचा आवाज मिटला. तिने पदर ओढून तोंडावर घेतला. शेखरची आई पोराच्या पाठीशी येऊन उभी राहिली. हळदीने भरलेले हात सगळ्यांनी अंगापासून दूर धरले.

“गोजरमावशे,” शेखरची आई घाबऱ्या आवाजात म्हणाली, “तुमी सांगाल तसं. उतरवू का हळद?”

मांडवात धवलारणीचा शब्द शेवटचा. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. सकुबाई तर उत्तर आधीच मिळाल्यासारखी धवलारणीच्या पाटाकडे सरकली होती.

गोजरने खोकला पुरता ओसरू दिला. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, शेखरपुढे गेली. त्याची मूठ तिने आपल्या मुठीत धरली आणि सुरीसकट वर केली, मांडवातल्या शेवटच्या बाईलाही दिसेल इतकी. लिंबावरची हळद तिच्या मनगटावर ओघळली. तिने सकुबाईकडे एकदा पाहिलं. मग हात सोडून ती सुनेकडे वळली.

“पदर काढ तोंडावरला. हळद लागतेय त्याच्या हातात लोखंड चालतं, तर हळद गाणारीच्या तोंडात का चालू नये? तुजी साळी अजून वलीच हाय, ती मी घरी नेऊन सुकवीन. आन मला न इचारता केलास त्याचं बी घरीच बघू. आता दिवा माज्याकडं दे, आन पुढं बस.”