घाम बंद केलेल्या छागळी

टप्.

मेणाचा गोळा.

भाड्याची सायकल, पुढचा ब्रेक नाही.

"छागळ विकता का गाळणं?"

मे महिना.

मित्रांनो, हे सारे तुकडे माझेच आहेत. मी एक जुनी छागळ, जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. सीताबर्डीवरच्या एका दुकानात रुखमाबाईंनी मला शिवले. तिथे तंबू, कंदील, घडीच्या खाटा, असे रानात मुक्काम करणाऱ्यांचे सामान मिळे. नमुना म्हणून मला भरून दाराशी टांगत. माझ्या अंगातून पाणी पाझरे, वारा लागे आणि आतले पाणी गार होई. लोक पिऊन वाहवा करत. पण खाली थेंब पडला की गिऱ्हाईक भडके.

विक्रीला बसणारे नत्थूजी त्या थेंबांना भीत. मालकांनी बजावले होते, "आता एक जरी छागळ परत आली, तर तुम्ही घरी बसा."

मोजणीखात्याचे बाबनराव सहा छागळी न्यायला येणार होते. नत्थूजींनी त्या सहाही छागळींना बाहेरून मेण चोळले. मी पाहत होते. मला ओरडता येत नव्हते. बाबनरावांनी पाणी भरून पाहिले. एक थेंब नाही! खूश होऊन ते सहाही घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईंना मेणाचा गोळा निम्मा दिसला.

"काय करून ठेवलं गा नत्थूजी? तिचा घामच बंद केला! उन्हात मेण पिघलन, अन् मेणकट कापड फुगत नाही. सारं पाणी गळून जाईन. रानात कोणाले मागतीन ते?"

"नोकरी जाईन वं बाई."

"अन् त्यांचा जीव?"

बाबनरावांच्या बैलगाड्या अमरावती रस्त्याला लागल्या होत्या. नत्थूजींनी भाड्याची सायकल आणली. कापड फुगावे म्हणून आदल्या दिवशी भिजत घातलेल्या पाच नव्या छागळी आणि सहावी मी, अशा आम्ही सायकलला लटकलो. माझा प्रत्येक थेंब पडताना वाटे, उशीर झाला. वाडीजवळ झाडाखाली बैल सोडून उभ्या केलेल्या गाड्या दिसल्या.

नत्थूजींनी सारे सांगितले. बाबनरावांनी मेणाच्या छागळीतले कोमट पाणी तोंडात घेऊन थुंकले, मग माझ्यातले प्यायले.

"काल काहून नाही सांगितलं?"

"भेलो जी."

"अन् आता भेव गेलं?"

"नाही जी. जास्तच हाय."

मेणाच्या छागळी परत निघाल्या. एक नव्हे, सहा! ती पाठमोरी सायकल दिसेनाशी होईपर्यंत मी थेंब मोजत राहिले.

पुढे मी पुष्कळ राने पाहिली. आता एका खुंटीवर कोरडी पडून आहे. शिवणी कडक झाल्या आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी छागळ असेल तर तिला अधूनमधून भिजवा. आणि थेंब दिसला म्हणून लगेच मेण शोधू नका.

सायकलवर बसण्याआधीच नत्थूजींनी दुकानाची किल्ली, मालकांना परत करायला, रुखमाबाईंच्या हाती दिली होती.