दोन गाडगी आणि माझी अंडी

"उस्तानीबाई, चिलटांना आई असते का?"

सिंधूनं वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या बाईंना असं विचारलं आणि देगलूरची मुलींची शाळा खदखदून हसली. मैत्रिणींनी पैजच लावली होती, "विचारून दाखव, मग तुला मानू!" मित्रांनो, मी तेव्हा तिच्या दप्तरातल्या आंब्याच्या कोयीवर बसले होते. मला काही हसू आलं नाही. ती आई मीच की!

मी एक म्हातारी फळमाशी आहे, तुम्ही म्हणता ते चिलट. वय पुरते वीस दिवस. सिंधूचे वडील बापूसाहेब निजामाच्या तहसिलीत पेशकार, म्हणजे कारकून. त्यांच्याच घरच्या आंब्याच्या आढीत मी जन्मले.

आमचं मोठं काम एकच, अंडी कुठं घालायची ते ठरवणं. सोपं वाटतं? चुकलं की लेकरं मेलीच! आधी मिशांनी वास घ्यायचा. मग उतरून पायांनी चव बघायची. हो, आमची जीभ पायांतही असते! कडू लागलं की उठायचं. मग शेपटाच्या टोकानं टोचून बघायचं, टणक असेल तर अळ्यांना पोखरवत नाही. आणि खरं सांगू? सडक्या फळाचा आंबूस दर्प मला स्वतःला सोसत नाही. एरवी मी त्यापासून दूरच सरकते. पण अंडी घालायला नेमकी तिथंच उतरते, कारण लेकरं तिथं पोसतात.

असे मऊ, फुटके, उतरलेले आंबे त्या घरात एकाच टोपलीत असत, तुळजाआत्याच्या. ही बापूसाहेबांची विधवा बहीण. चांगले आंबे सिंधूची आई उचलून घेई. उरलेले आत्यानं निवडायचे आणि आत्यानंच खायचे. मग अळ्या दुसरीकडे कुठं पडणार?

"वन्सं हात लावतात तिथं किडे पडतात," आई म्हणाली.

शेजारची बसम्मा लगेच पुढं सरसावली. "हातच तसला, बाई. परवा दूधबी नासलं म्हणं!"

झालं. आत्याला बिलोलीला, सासरी परत पाठवायचं ठरलं. तिथं तिला गोठ्यात निजवत. तिथल्या चुलीत भाजलेला तळवा घेऊनच ती माहेरी आली होती. बापूसाहेब पानाला चुना लावत राहिले. सहाव्या दिवशी गाडी येणार होती.

म्हणूनच सिंधूनं ती पैज घेतली होती. किडे आत्याच्या हातानं पडतात की चिलटांच्या अंड्यांतून, हे तिला कळायला हवं होतं. उस्तानीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी सांगून काय? दोन गाडगी घे, दोन्हींत आंबे पिळ. एकाचं तोंड बांध आणि किडे कुठं पडतात ते बघ."

त्याच दुपारी सिंधूनं दोन्ही गाडग्यांत आत्याच्या हातानंच आंबे पिळून घेतले. पिळता पिळता आत्या म्हणाली,

"नको गं पोरी. दोन्हींत पडले म्हंजे?"

"पडू दे की! मग मी शाळेत तोंड दाखवणार न्हाई, बस्स!"

एका गाडग्यावर तिनं मलमल घट्ट बांधली. त्या फडक्यावर मी दिवसभर फिरले. खालून लेकरांसाठी अगदी हवा तसा दर्प येत होता! पायांना मात्र नुसता दोरा लागायचा. शेवटी उघड्या गाडग्यात उतरले आणि अंडी घातली. काय पणाला लागलंय, मला काय ठाऊक?

सहाव्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. आत्याचं गाठोडंही चढलं. सिंधूनं दोन्ही गाडगी आईबापांपुढं ठेवली. उघड्यात माझी लेकरं वळवळत होती. झाकलेल्यात फेस होता, दर्प होता, पण अळी एकही नव्हती.

"हात दोन्हींत आत्याचाच होता," सिंधू म्हणाली आणि तिनं उघडं गाडगं चुलीत उपडं केलं. निखारे चरचरले. माझं सगळं गणगोत त्या चरचरण्यात संपलं.

आईनं झाकलं गाडगं उचलून उजेडात धरलं. मग हळूच म्हणाली, "पण गाडी आली हाय. लोकांना काय सांगू?"

मित्रांनो, फळं झाकून ठेवत जा. आम्हाला हाकला, मारा, माझी तक्रार नाही. पण आमच्या अंड्यांचं खापर कुणा बाईच्या डोक्यावर फोडू नका. मी आता फार दिवस उडणार नाही, म्हणून सांगून ठेवते.

सिंधू गाडीवर चढली. तिनं गाठोडं ओढून खाली उतरवलं आणि उंबऱ्यात त्याच्यावरच बसली.

"बाबा, आई, ऐकून घ्या. आजपासून मी आत्याच्या हातचंच जेवणार. ती बिलोलीला गेली, तर बिलोलीला जेवीन."