पाच वाजताचा अर्जंट

“दोन्ही डोळे काढायचे?” रॉबर्टने विचारलं, आणि कॅथरिन डॉक्टरांऐवजी नवऱ्याकडेच बघत राहिली. आठवड्याभरात त्याने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

बोळिंजच्या दवाखान्यात डॉ. स्वप्नाने त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांच्या कुत्र्याला काचबिंदू झाला होता. सहा महिने थेंब घालूनही डोळ्यांतला दाब उतरला नव्हता. नजर तर गेलीच होती. उरला होता तो नुसता ठणका. डोळे काढले की बिचारा सुखाने झोपेल.

“काढा,” कॅथरिन म्हणाली. “मी बत्तीस वर्षं न बघताच अख्खा तालुका सांभाळलाय.”

वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. नुसत्या ‘हॅलो’वरून कुणाला ताप आहे, कुणाचं घरी भांडण झालंय, हे ओळखायची. नोकरीच्या सुरुवातीचा, लग्नाआधीचा एक मुका कॉल मात्र तिला कधी उमगला नाही. केळी बागायतदारांच्या सोसायटीच्या फोनवरून रोज संध्याकाळी कुणीतरी हँडल फिरवायचं आणि बोलायचंच नाही. दोनदा तिने त्याला फैलावरही घेतलं होतं. पुढे तो आपोआप बंद झाला.

कुत्र्याचं दुखणंही तिने कानानेच पकडलं. फरशीवरून सरळ धावत येणारी नखांची टिकटिक उंबऱ्यापाशी अडखळू लागली होती. पिल्लू असताना त्याला कशाचाच धीर नसे, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं होतं अर्जंट. सांडोरच्या त्यांच्या घरात त्याच्याकडे एकच काम होतं. पाच वाजता चहाचं आधण चढलं की केळीच्या वाडीत धावत जायचं आणि रॉबर्टच्या लेंग्याचं टोक ओढत त्याला घेऊन यायचं. कारण ऑपरेटरच्या नवऱ्याचा मोबाइल, बॅटरी टिकावी म्हणून, बंद करून कपाटात ठेवलेला असे.

टाके निघाले. अर्जंट पोटभर जेवू लागला, शेपूट हलवू लागला. पण पाच वाजले की ओट्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन कान टवकारायचा, आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने कॅथरिन स्वतः अशीच बसली होती. डोळ्यांवाचून त्याचं अडणार नव्हतं. हातचं काम गेलं तर मात्र तो खचणार होता.

“तुम्ही वाडीतून बोला,” तिने रॉबर्टला सांगितलं. “आवाज धरून येईल तो.”

“काय बोलू?”

“काहीही. पंचेचाळीस वर्षांचं साठलेलं असेल की.”

पहिल्या दिवशी रॉबर्ट म्हणाला, “ये.” अर्जंट दोन पावलं गेला आणि थांबला. एका शब्दात कॉल होत नाही, लाइन चालू ठेवावी लागते, असं तिने ओट्यावरूनच बजावलं. दुसऱ्या दिवशी रॉबर्टने चर्चमध्ये संतांच्या नावांची लितानी म्हणावी तशी केळींची नावं घ्यायला सुरुवात केली. राजेळी, बसराई, मुठेळी, वेलची. तेवढ्यात अर्जंट पाण्याच्या पाटापर्यंत पोचला. तिथे जाती संपल्या, आणि तो पाटातच बसला.

शेजारची जॉयस कुंपणावरून म्हणाली, “आंटी, अंकल केळींची हजेरी घेतात काय?”

मग रॉबर्टने फादरांचं लांबलेलं प्रवचन काढलं, पंपाची जळलेली मोटर काढली, वाऱ्याने आडव्या झालेल्या केळी काढल्या. आठव्या दिवशी अर्जंट पायरी उतरला, नाक खाली घालून पाट ओलांडला, आणि लेंग्याचं टोक त्याच्या दातांत आलं. त्या दिवशी कॅथरिनने चहात दोन वेलच्या जास्त टाकल्या.

आता लाइन रोज लागते. अर्जंट पोचला तरी रॉबर्ट बोलायचा थांबत नाही, एवढंच. परवा ती चहा गाळून ओट्यावर बसली होती. दोघांचा पत्ता नव्हता. केळीच्या पानांआडून रॉबर्टचा आवाज तेवढा येत होता.

“तुला सांगतो अर्जंट, सोसायटीत केळी उतरवून झाली की मी फोनचं हँडल फिरवायचो. ती म्हणायची, नंबर सांगा. आता मला कुठला नंबर हवा होता?”

कॅथरिनचा हात आपसूक कानाकडे गेला, हेडफोन असायचा तिथे. एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, लाइन जोडून दिली की ऑपरेटरने ऐकत बसायचं नाही.

ती उठली. दोन्ही कप आत नेले, चहा परत पातेल्यात ओतला आणि गॅस अगदी बारीक करून ठेवला.