वहीतून खोडलेली सफूरा

सफूरा माझी लेक. ब्रुसेल्सला नर्स होती. तिथं तिनं मोरक्कोच्या माणसाशी निकाह केला, तेव्हा मीच नवऱ्याच्या मागे लागून रत्नागिरीकडच्या आमच्या गावच्या जमातीच्या वहीतून तिचं नाव खोडायला लावलं. नवरा रडला. मी नाही रडले.

गेल्या रमजानात ती वारली. आता तिचा तहा, एकोणीस वर्षांचा, शारजाला माझ्या मुलाकडे, ओवेसकडे आलाय; मीही इथंच असते. ब्रुसेल्सात त्याला मोरक्कन म्हणतात, बापाकडचे हिंदुस्थानी म्हणतात. त्याला एकच हवं होतं. जमातीच्या इथल्या सालाना बैठकीत वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचून दुवा मागतात, त्यात आईचं नाव यावं.

"नानी, मॉम बिलाँग्ड समव्हेअर," म्हणाला.

"येईल. वही फरदीनकडे आहे. त्याचा शेंबूड मी पुसलाय."

बैठक शारजातच, अल नहदातल्या एका बिल्डिंगच्या हॉलमध्ये. मी सरळ फरदीनच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"सफूराचं नाव परत लिही."

"खतीजाखाला, मेलेल्या माणसाचं नाव नव्यानं चढवत नाहीत."

"मग ह्या पोराचं लिही."

"त्याचं गाव बापाचं. हा कायदा तुम्हीच तर पाळायला लावलात सगळ्यांना."

मागं कोणीतरी हसलं.

"असं? मग माझंही नाव खोड."

फरदीननं पानं उलटली, बोट फिरवलं, थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "खाला, काय खोडू? लग्न होऊन आलेल्या बायकांची नावं वहीत नसतात, गावच्या पोरापोरींची तेवढी असतात. इथं 'ओवेस, सोबत आई' एवढंच आहे."

मला वाचता येत नाही. ज्या वहीच्या जोरावर मी जन्मभर लोकांची तोंडं बंद केली, तिच्यात मी कधी नव्हतेच. मी ओवेसकडे बघितलं. तो मोबाईल बघत होता.

"चल," मी तहाला म्हटलं.

"इट्स ओके, नानी. आय अ‍ॅम यूज्ड टू इट."

जिन्यापर्यंत आले. पायरीवरच बसले. आत फरदीन नावं वाचू लागला. प्रत्येक नावाला सगळ्यांचं आमीन. अकरा नावं झाली, तो थांबला.

"सफूरा," मी दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं.

आमीन आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. कोणीतरी उठलं आणि आतून दार लावून घेतलं.