बिल्ला खिशातच राहिला

मी पंखांचा बिल्ला बोलतोय. रागात बोलतोय, सांभाळून घ्या.

वायुदलात संदेश पायलट झाला, त्या दिवशी मला त्याच्या छातीवर लावलं. त्याचे वडील काळुराम, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले, आयुष्यभर खाडीत होडी चालवलेले. त्यांनी मला बोटाने हळूच दाबून पाहिलं आणि सगळ्या वाड्याला पेढे वाटले. नंतर संदेशबरोबर मी बर्फातल्या तळांवर औषधं पोचवली, रॉकेल पोचवलं, आजारी जवान खाली आणले.

पुढे संदेश प्रवासी विमानावर गेला आणि माझी रवानगी बॅगेच्या कप्प्यात झाली. सुरुवातीला तो माइकवरून सांगायचा, "मी वायुदलात होतो." लोक टाळ्या वाजवायचे. मला कप्प्यातही बरं वाटायचं. मग एकाएकी त्याने ते सांगणं सोडून दिलं.

त्याच्या विमानातून काळुराम पहिल्यांदाच जाणार होते, तेव्हा घरात हा विषय पेटला. पोरगा फौज सोडून आभाळात बस चालवतो, असे शेजाऱ्यांचे टोमणे त्यांनी कितीतरी वर्षं गिळले होते.

"आरं, येकदा बोल ना स्पीकरवर. मी मागं बसून आयकन."

"बाबा, आमची को-पायलट आहे ना, डोंबिवलीची कृतिका? एकदा मी ते बोललेलो आणि विमान तिने उतरवलेलं. बाहेर पडताना एक काका तिलाच म्हणाले, कॅप्टन फौजी होता म्हणून वाचलो."

"लोकांचं सोर. मी तुजा बाप हाय ना?"

संदेशने बॅगेची चेन ओढून बंद केली. माझं तर डोकंच फिरलं. एका काकाच्या अकलेपायी माझ्या तोंडाला कुलूप?

काळुराम कसले ऐकतात. बॅगेतून मला गुपचूप काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकलं.

विमान नागपूरला निघालं. स्पीकरवर आवाज आला, "मी कॅप्टन संदेश कोळी. आज विमान माझ्या सहकारी कृतिका चालवत आहेत." पुढे हवामान, खुर्चीचे पट्टे, धन्यवाद. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मी खिशात धुमसत होतो.

उतरायच्या आधी ढगांत विमान गदागदा हलायला लागलं. शेजारचा माणूस देवाचं नाव घेऊ लागला. काळुरामांनी मला बाहेर काढून त्याच्यापुढे धरलं.

"भिऊ नको भाऊ. माजा पोर हाय पुढं. एअरफोर्सान व्हता."

त्याचा जीव भांड्यात पडला. अखेर कुणीतरी माझं नाव घेतलं होतं.

"मग तेच चालवतायत ना?"

काळुराम घुटमळले. हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

"न्हाई. ती पोरगी चालवते, कृतिका."

त्या माणसाने खुर्चीचा हात पुन्हा आवळला आणि डोळे गच्च मिटले. आता सांगा, राग कोणावर काढू? धीर द्यायला मला बाहेर काढलं आणि माझ्यामुळेच तो दुप्पट घाबरला. कृतिकाने विमान अलगद उतरवलं. त्यावर तो म्हणाला, "नशीब."

सगळे उतरल्यावर काळुराम तिच्यासमोर थांबले. "पोरी, बेस चालवलंस." मग मला त्यांनी संदेशच्या हातात ठेवलं. "ह्याला घरान ठेव."

आता मी चेंदणीच्या घरात, कपाटात आहे. काळुराम मला पुसतात, पण पाहुण्यांना दाखवत नाहीत. खोटं कशाला बोलू, मला अजून मिरवायचंय. पण माझं नाव ऐकून तुम्हाला जेवढा धीर येतो, तेवढाच कृतिकाचं नाव ऐकूनही येऊ द्या. तोवर संदेश बोलणार नाही आणि त्याच्या बापाला ते ऐकायला मिळणार नाही.